तंत्रप्रश्न: मेलिंग लिस्टचा सर्व्हर, कंटेनर आणि न पोचणारी मेल

या अंकासाठी खानदेशातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत: स्वतःचा सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर मेलमन ३, म्हणजे मेलिंग लिस्ट (खाली नुसतं 'यादी') चालवणारा प्रोग्रॅम, डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या गरजांसकट वेगळ्या डब्यात, चालवायचा. म्हणून ती एकत्र घेतली. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

प्रश्न: आमचा केळी उत्पादकांचा गट आहे. सुमारे ९०० सभासदांना बाजारभाव आणि करप्याच्या सूचना मेलने जातात. फुकटच्या जीमेल खात्यातून बीसीसी करून पाठवतो, पण दिवसाला ५०० पत्ते झाले की खातं अडतं. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर, ब्रॉडबँडच्या जोडणीवरच मेलमन बसवला तर चालेल का? नसेल तर केवढा सर्व्हर घ्यावा? (सचिव, रावेर)

उत्तर: कार्यालयातला संगणक नको. मेमध्ये ४५ अंशांवर गेलेला पारा आणि दुपारची वीज हे त्रास आहेतच, पण खरी अडचण जोडणीची आहे. घरगुती ब्रॉडबँडचा आयपी बदलता असतो, त्याचा उलटा शोध (आयपीवरून नाव) तुमच्या डोमेनकडे वळवता येत नाही, मेल पाठवायचं पोर्ट २५ बहुधा बंद असतं, आणि असे आयपी-पट्टे स्पॅमहाउसच्या पीबीएल या, थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत आधीच नोंदलेले असतात. तुम्ही काहीही चूक न करता मेल नाकारली जाईल.

भाड्याने छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घ्या: २ जीबी रॅम, १ किंवा २ कोअर, २५ ते ४० जीबी डिस्क, डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४. १ जीबीवर सुरू होतो, टिकत नाही. मेलमनचा गाभा एक प्रोग्रॅम नसतो. आलेली मेल, जाणारी मेल, बाउन्स (न पोचता परत आलेली मेल), संग्रह, डायजेस्ट अशा प्रत्येक कामाला वेगळी पायथन प्रक्रिया असते. त्यावर वेबची पानं आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. रॅम संपली की लिनक्स त्यातलंच एखादं मारतं आणि कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडू शकतो. २ जीबी स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) पहिल्याच दिवशी करून ठेवा.

पैसे भरण्याआधी कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा. बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून मिळेल का? आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (उलट्या शोधाची नोंद) आम्हाला बदलता येईल का? बऱ्याच क्लाउड कंपन्या नव्या खात्यांना पोर्ट २५ देत नाहीत. गूगल क्लाउडवर ते बाहेरच्या पत्त्यांसाठी बंदच असतं. तसं असेल तर पोर्ट ५८७ वरून एखाद्या रिले सेवेमार्फत (तुमची मेल पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) पाठवावं लागेल, आणि तो खर्च वेगळा.

प्रश्न: डॉकर-मेलमनची कंपोज फाइल घेतली, 'डॉकर कंपोज अप -डी' केलं. तिन्ही कंटेनर हिरवे दिसतात, पण लॉगिन होत नाही आणि यादीला पाठवलेली मेल 'युजर अननोन' म्हणून परत येते. नेमका क्रम सांगाल का? (संगणक विभाग, एक महाविद्यालय, जळगाव)

उत्तर: कंटेनर हिरवा असणं म्हणजे आतला प्रोग्रॅम चालू असणं, एवढंच. मेलची वाट अजून बांधायची आहे.

त्या कंपोज फाइलीत, म्हणजे कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलीत, तीन कंटेनर आहेत: मेलमन-कोअर, मेलमन-वेब आणि डेटाबेस. मेल आणणारा-नेणारा पोस्टफिक्स त्यात नाही, आणि ते बरोबरच आहे. तो यजमान सर्व्हरवर (कंटेनरच्या बाहेर, मूळ यंत्रावर) नेहमीसारखा एपीटीने बसवायचा. का, ते भुसावळच्या पत्राच्या उत्तरात येईल.

सुरुवात फोल्डरपासून करा: ऑप्ट-मेलमनखाली कोअर, वेब आणि डेटाबेस. मग कंपोज फाइलीतल्या गुप्त किल्ल्या बदला. हायपरकिटी-एपीआय-की ही किल्ली (हायपरकिटी म्हणजे पत्रांचा वेबवरचा संग्रह) कोअर आणि वेब या दोन्ही कंटेनरांत अक्षर न् अक्षर सारखी हवी. वेगळी पडली तर मेल सभासदांना जाते, पण संग्रह रिकामा राहतो आणि पत्रं कोअरच्या स्पूल फोल्डरमध्ये साचतात. किल्ल्या 'ओपनएसएसएल रँड -हेक्स ३२' ने तयार करा. हाताने रचलेल्या पासवर्डात डॉलरचं चिन्ह आलं की कंपोज त्याला व्हेरिएबल समजतं. ॲट किंवा तिरकी रेघ आली की डेटाबेसचा यूआरएल मधेच तुटतो. हेक्समध्ये ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच असल्याने दोन्ही भानगडी टळतात.

सर्व्ह-फ्रॉम-डोमेन, अ‍ॅडमिनचं नाव आणि अ‍ॅडमिनची मेल भरा. इमेजच्या (कंटेनर ज्यापासून तयार होतो त्या साच्याच्या) नावापुढे 'लेटेस्ट' किंवा 'रोलिंग' नको, आवृत्तीचा आकडा लिहा. पहिल्यांदा चालू केल्यावर वेबचा कंटेनर डेटाबेसचे तक्ते बांधत असतो, तोवर ब्राउझरमध्ये ५०२ दिसतं. काही मिनिटं थांबा, 'डॉकर कंपोज लॉग्स -एफ मेलमन-वेब' बघत राहा. इथे घाईने रीस्टार्ट केला की अर्धवट तक्ते राहू शकतात आणि पुढचा वेळ ते निस्तरण्यात जातो.

लॉगिनचं कोडं सोपं आहे. अ‍ॅडमिन तयार होतो, पण त्याला पासवर्डच नसतो. 'फरगॉट पासवर्ड' दाबून तो मेलवर मागवायचा, आणि मेल तर अजून जात नाही! म्हणून वेबच्या कंटेनरमध्ये शिरून मॅनेज-पीवायची 'चेंजपासवर्ड' कमांड अ‍ॅडमिनच्या नावाने चालवा. ब्राउझरमध्ये '४०० बॅड रिक्वेस्ट' आलं तर पुढे उभा असलेला वेब सर्व्हर, एनजिनएक्स, होस्ट हेडर (मागितलेल्या साइटचं नाव) पुढे देत नाही. लॉगिनच्या पानावर सीएसआरएफची (बनावट विनंत्या रोखणाऱ्या तपासणीची) तक्रार आली तर सेटिंग्ज-लोकल-पीवाय फाइलीत सीएसआरएफ-ट्रस्टेड-ओरिजिन्समध्ये तुमचा पत्ता एचटीटीपीएससकट लिहा आणि वेब रीस्टार्ट करा.

आता 'युजर अननोन'. कोअर प्रत्येक यादीचे पत्ते एका फाइलीत लिहून ठेवतो: ऑप्ट-मेलमन-कोअरखाली व्हार, त्यात डेटा, त्यात पोस्टफिक्स-एलएमटीपी (एलएमटीपी म्हणजे पोस्टफिक्सने कोअरला मेल देण्याची पद्धत). पोस्टफिक्सला ती वाचायला सांगायचं असतं. मेन-सीएफ या त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ट्रान्सपोर्ट-मॅप्स आणि लोकल-रेसिपियंट-मॅप्स या दोन्ही ओळींत 'रेगएक्सपी:' लावून त्या फाइलीचा पूर्ण मार्ग द्या. रिले-डोमेन्समध्ये तिथल्याच पोस्टफिक्स-डोमेन्स फाइलीचा. रेसिपियंट-डिलिमिटर अधिक चिन्ह, ओनर-रिक्वेस्ट-स्पेशल 'नो'. याद्यांचं डोमेन मायडेस्टिनेशन आणि रिले-डोमेन्स या दोन्हींत ठेवू नका. पोस्टफिक्स लॉगमध्ये त्याबद्दल कुरकुर करतो. मग 'पोस्टफिक्स रीलोड'.

मायनेटवर्क्समध्ये (बिनपासवर्ड मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) १२७.०.०.०/८ च्या जोडीला फक्त दोन आयपी: १७२.१९.१९९.२ (कोअर) आणि १७२.१९.१९९.३ (वेब). इनेट-इंटरफेसेस 'लूपबॅक-ओन्ली' असेल तर 'ऑल' करा, नाहीतर कंटेनरला पोस्टफिक्स सापडतच नाही आणि बाहेर जाणारी मेल कोअरमध्ये अडून राहते.

हे आयपी कंपोज फाइलीत मुद्दाम पक्के केलेले आहेत, कारण एलएमटीपीच्या फाइलीत कोअरचा आयपीच लिहिला जातो. सर्व्हरवर आधीचं डॉकर नेटवर्क त्याच पट्ट्यात असेल तर 'पूल ओव्हरलॅप्स' असा एरर येतो. तेव्हा पट्टा बदला, पण कंपोज फाइल आणि मायनेटवर्क्स दोन्हीकडे बदला. मग कोअरमध्ये 'मेलमन अलायसेस' चालवून फाइल नव्याने लिहून घ्या. ही कमांड रूट म्हणून चालत नाही, 'डॉकर एक्झेक'ला '-यू मेलमन' जोडावं लागतं.

तपासणी अशी. यजमानावरून 'एनसी १७२.१९.१९९.२ ८०२४' करा. २२० ने सुरू होणारी ओळ आली म्हणजे कोअरचा दरवाजा उघडा आहे. मग चाचणी यादीला एक मेल टाका आणि मेलची लॉग उघडी ठेवा (उबुंटूवर व्हार-लॉगमधली मेल-डॉट-लॉग, डेबियन १२ वर ती नसेल तर 'जर्नलसीटीएल -एफ'). दोन टप्पे दिसायला हवेत: आधी एलएमटीपीने कोअरकडे 'स्टेटस=सेंट', थोड्या वेळाने त्याच पत्राच्या सभासदांकडे जाणाऱ्या ओळी. पहिलाच टप्पा नसेल तर दोष पोस्टफिक्सच्या फाइलींत आहे. पहिला आहे, दुसरा नाही, तर पत्र एकतर मॉडरेशनमध्ये (मंजुरीसाठी) अडकलंय किंवा कोअरला बाहेरची वाट नाही. चाचणी जीमेलवरून करत असाल तर एक लक्षात ठेवा: स्वतः पाठवलेल्या पत्राची यादीतून परत आलेली प्रत जीमेल इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही. दुसऱ्या पत्त्यावर बघा.

प्रश्न: पोस्टग्रेसचा पासवर्ड कंपोज फाइलीत बदलला. तेव्हापासून कोअर आणि वेब दोन्ही 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणून पडतात. (नंदुरबार)

उत्तर: पोस्टग्रेस-पासवर्ड हे व्हेरिएबल डेटा फोल्डर रिकामं असतानाच वाचलं जातं. नंतर फाइलीत काहीही लिहा, आत जुनाच पासवर्ड असतो. डेटाबेसच्या कंटेनरमध्ये पीएसक्यूएल उघडून 'ऑल्टर युजर'ने नवा द्या आणि डेटाबेस-यूआरएलमध्ये दोन्ही ठिकाणी तोच लिहा. 'फोल्डर पुसून पुन्हा सुरू करा' असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. त्याने एरर जातो आणि सभासदही जातात.

प्रश्न: मेल निघते, लॉगमध्ये 'सेंट' दिसतं, पण निम्म्या सभासदांच्या स्पॅममध्ये पडते. काही सभासदांनी यादीला लिहिलं तर त्यांची पत्रं इतरांकडून परत येतात. डीएनएस दोनदा तपासलं. (शिक्षकांचा गट, धुळे)

उत्तर: यात दोन वेगळी दुखणी आहेत. ती एकात मिसळू नका.

पहिलं, तुमच्या सर्व्हरची ओळख. पीटीआर रेकॉर्ड डोमेनच्या पॅनेलमध्ये नव्हे, सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये असतो. 'डीएनएस तपासलं' म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळा हेच राहिलेलं असतं. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून तोच आयपी, असं दोन्हीकडून जुळायला हवं, आणि पोस्टफिक्सचं मायहोस्टनेमही तेच. सर्व्हरला आयपीव्ही६ आहे पण त्याचा पीटीआर लावलेला नाही, तर जीमेल त्या वाटेने आलेली मेल नाकारतं. लावणं जमत नसेल तर इनेट-प्रोटोकॉल्स 'आयपीव्ही४' करून मोकळे व्हा.

एसपीएफ (या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची डीएनएस नोंद) छोटा ठेवा: 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल' पुरतो. त्या डोमेनच्या टीएक्सटीमध्ये एसपीएफच्या दोन ओळी असल्या तर दोन्ही निकामी होतात. डीकिमसाठी (मेलवरच्या डिजिटल सहीसाठी) ओपनडीकिम यजमानावर बसवा, २०४८ बिटची किल्ली. ही किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची. म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहितात. काही पॅनेलं हे स्वतः करतात, काही गुपचूप शेपूट कापतात.

आता कंटेनरमुळे पडणारी खास अडचण. ओपनडीकिम फक्त 'आपल्या' यंत्रांवरून आलेल्या मेलवर सही करतो, आणि मुळात त्याच्या लेखी आपलं म्हणजे १२७.०.०.१. मेलमनची मेल १७२.१९.१९९.२ वरून येते, म्हणजे त्याच्या दृष्टीने परकी. तो सही करण्याऐवजी ती तपासायला बसतो. इंटर्नल-होस्ट्सच्या यादीत कोअर आणि वेब दोघांचे आयपी घाला. यजमानावरून हाताने पाठवलेली चाचणी मेल 'डीकिम पास' आणि यादीची मेल विनासही, असं दिसलं की दुखणं नेमकं हेच.

दुसरं दुखणं डीमार्कचं, म्हणजे तपासणीत न उतरलेल्या पत्राचं काय करायचं हे सांगणाऱ्या डोमेनच्या धोरणाचं. यादी विषयाआधी चौकटी कंसातलं नाव लावते, तळाला सूचना जोडते. त्याने मूळ लेखकाची डीकिम सही मोडते. लेखकाच्या डोमेनचं डीमार्क धोरण 'रिजेक्ट' असेल तर घेणारा सर्व्हर पत्र परत पाठवतो, आणि वर मेलमन तो बाउन्स बिचाऱ्या घेणाऱ्याच्या नावावर मोजतो. एप्रिल २०१४ मध्ये याहूने हे धोरण लावलं तेव्हा जगभरच्या याद्या याच कारणाने खोळंबल्या होत्या. पोस्टोरियसमध्ये (याद्या सांभाळायच्या वेबपानांत) यादीच्या सेटिंग्जमध्ये 'डीमार्क मिटिगेशन्स'मध्ये 'फ्रॉमच्या जागी यादीचा पत्ता' हा पर्याय निवडा. उत्तर लेखकाला जावं की यादीला, ते रिप्लाय-टूच्या सेटिंगमध्ये वेगळं ठरवा.

शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलचे नियम कडक झाले आहेत. दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल जीमेल खात्यांना गेल्या की एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. ५,००० हा आकडा वाटतो तेवढा दूर नाही: रावेरच्या गटाचे ९०० सभासद जीमेलवर असतील आणि दिवसात सहा पत्रं झाली तर ५,४०० होतात. डीमार्क 'पी=नन'ने (कारवाई नको, या धोरणाने) सुरू करा. नव्या आयपीवरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवू नका. मेल नेमाने उघडणारे पन्नासेक सभासद घ्या, आठवड्याभरात वाढवत जा. आणि न विचारता कुणाला यादीत घालू नका. 'स्पॅम' बटण दाबणारे तेच असतात.

प्रश्न: सगळं एकाच कंपोजमध्ये असावं म्हणून पोस्टफिक्सही कंटेनरमध्ये घेतला. काही दिवसांत आमच्या सर्व्हरवरून परक्यांचं स्पॅम जातंय म्हणून कंपनीने तो बंद केला. पासवर्ड कुणाला दिलेला नाही. (भुसावळ)

उत्तर: पासवर्डाची गरजच पडली नसावी. पोस्टफिक्स कंटेनरमध्ये असला की त्याला आलेल्या माणसाचा खरा आयपी दिसेलच असं नाही. कंटेनरला फक्त आयपीव्ही४ असेल आणि बाहेरून कुणी आयपीव्ही६ ने आलं, तर ती जोडणी डॉकर-प्रॉक्सीमार्फत आत येते आणि आयपी डॉकरच्या गेटवेचा दिसतो, १७२ ने सुरू होणारा. रूटलेस (रूट अधिकाराविना चालणाऱ्या) डॉकरमध्येही नेहमीच्या मांडणीत हेच होतं. त्यात मायनेटवर्क्समध्ये १७२.१६.०.०/१२ असा ऐसपैस पट्टा टाकलेला असला की जगातला प्रत्येक जण घरचा ठरतो. यालाच ओपन रिले म्हणतात, आणि असे सर्व्हर हुडकणारे बॉट दिवसरात्र फिरत असतात.

पोस्टफिक्स यजमानावर आणा, मायनेटवर्क्स वर दिलंय तेवढंच ठेवा. मग दुसऱ्या जागेवरून, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींनी, पोर्ट २५ वर टेलनेट करून परक्या डोमेनचा पत्ता 'आरसीपीटी टू'मध्ये द्या. 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. रांगेत साचलेलं स्पॅम 'मेलक्यू'ने पाहून 'पोस्टसुपर -डी ऑल'ने काढता येतं. पण ती कमांड खरी पत्रंही उडवते, आधी नजर टाका.

आणखी एक दार तुमच्याकडे उघडं असण्याची शक्यता आहे. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट बंद केलं म्हणून निश्चिंत राहू नका. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्स नियम घालतो, आणि त्याने प्रसिद्ध केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन बाहेर दिसतं. कंपोज फाइलीत ८००१, ८०२४, ८००० आणि ८०८० या पोर्टांआधी असलेलं '१२७.०.०.१:' काढायचं नाही. ८००१ वर मेलमनचा रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनी त्याला हुकूम द्यायचं दार) असतो आणि त्याचं मूळ नाव-पासवर्ड रेस्टअ‍ॅडमिन आणि रेस्टपास. दस्तऐवजांत छापलेलं आहे ते, कुणालाही ठाऊक. तेही बदला.

प्रश्न: संग्रहात इंग्रजी शब्द सापडतात, मराठी मात्र सापडत नाहीत. 'केळी' शोधलं की शून्य. (अमळनेर)

उत्तर: हायपरकिटीचा या कंटेनरमधला मूळचा शोधयंत्रणा-पर्याय व्हूश. तो शब्द तोडायला पायथनचा साधा नमुना वापरतो, आणि त्या नमुन्यात काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं धरली जात नाहीत. 'केळी'चे 'क' आणि 'ळ' असे तुकडे होतात. एका अक्षराचे तुकडे तो फेकूनच देतो. राहिलं काय? 'बाजार'ची तीच गत. 'कापूस'मधलंही काही उरत नाही. 'कांदा' नाही.  'वजन', 'मदत' असे बिनमात्रेचे शब्द, किंवा 'गहू', 'मका' असे मात्रेआधी दोन अक्षरं सलग असलेले, तेवढे सापडतील.

इलाज: झेपियन. तो मात्रा शब्दाचाच भाग धरतो आणि मेलमन-वेबच्या इमेजमध्ये आधीच असतो. सेटिंग्ज-लोकल-पीवायमध्ये हेस्टॅक-कनेक्शन्सचं इंजिन 'झेपियन-बॅकएंड' करा, निर्देशांकाचं फोल्डर नवं द्या, वेब रीस्टार्ट करा आणि 'रीबिल्ड-इंडेक्स' चालवा. मोठ्या संग्रहाला वेळ लागतो, रात्री लावा. अहिराणीतली पत्रंही देवनागरीतच असल्याने त्यांचाही प्रश्न सुटतो.

प्रश्न: जुन्या मेलमन २ वरच्या याद्या आणता येतील? (चोपडा)

उत्तर: येतील, आणि आणाच, तो पायथन २ वर उभा आहे आणि त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. आधी मेलमन ३ मध्ये त्याच नावाची यादी तयार करा, मग जुनी कॉन्फिग-पीसीके फाइल 'मेलमन इम्पोर्ट२१' ने आणि जुनी एमबॉक्स (पत्रांच्या संग्रहाची फाइल) 'हायपरकिटी-इम्पोर्ट' ने. सभासदांचे पासवर्ड येत नाहीत. त्यांनी त्याच मेलपत्त्याने नवं खातं उघडायचं. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टात लिहिलेली जुनी पत्रं मात्र गिचमिड दिसतील. ती युनिकोड नाहीतच, वेगळ्या कन्व्हर्टरने बदलावी लागतात.

प्रश्न: बॅकअप कशाकशाचा? आणि पोस्टग्रेसची आवृत्ती वाढवल्यावर डेटाबेस उठतच नाही. (शिरपूर)

उत्तर: बॅकअप चार गोष्टींचा: पीजी-डंप (डेटाबेसची उतरवून घेतलेली प्रत), कोअरचं व्हार फोल्डर, वेबचं फोल्डर, आणि किल्ल्यांसकट कंपोज फाइल. पाचवी गोष्ट यजमानावरची, म्हणून विसरली जाते: पोस्टफिक्सची मेन-सीएफ आणि डीकिमची खासगी किल्ली. डेटाबेसचं फोल्डर चालू स्थितीत नुसतं कॉपी करू नका, ती प्रत बिनभरवशाची असते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या यंत्रणेत) 'डॉकर कंपोज एक्झेक'ला '-टी' (कॅपिटल) जोडा, नाहीतर 'टीटीवाय नाही' म्हणून तो थांबतो आणि रोज शून्य बाइटची फाइल ठेवत जातो. फाइलचा आकार बघा, नुसतं नाव नको.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की जुनं फोल्डर नव्याला वाचता येत नाही. लॉगमध्ये 'इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर' असेल. इमेजचा टॅग (आवृत्तीचा आकडा) पुन्हा जुना करा, डेटाबेस उठेल. कोअर आणि वेब थांबवून डंप घ्या. डेटाबेस थांबवा, फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, पुसू नका. नवा टॅग लिहून फक्त डेटाबेस सुरू करा, डंप पीएसक्यूएलने आत घाला, मग बाकीचे दोन. टॅग १८ किंवा पुढचा घेत असाल तर व्हॉल्यूमचा आतला मार्गही बदलला आहे: व्हार-लिब-पोस्टग्रेसक्यूएल, त्यापुढचं 'डेटा' नाही.

त्याच बैठकीत डॉकरच्या लॉगलाही लगाम घाला. जेसन-फाइल लॉगला मुळात मर्यादाच नसते. कंपोजमध्ये प्रत्येक कंटेनरला मॅक्स-साइज १० एम आणि मॅक्स-फाइल ३ लिहा आणि कंटेनर नव्याने तयार करा. नुसत्या रीस्टार्टने ही सेटिंग लागू होत नाही.